मॉस, धुके आणि पडके घर असूनही पटकथा 'सदर्न गॉथिक' का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळच्या साताऱ्याच्या आणि सध्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहरात चित्रपटनिर्मिती शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ८५ पानांची पटकथा लिहिली आहे. चाळिशीतली एक गोरी स्त्री मावशीच्या मृत्यूनंतर वारशाने आलेले जुने घर विकण्यासाठी परत येते. घराची डागडुजी करायला आलेला कृष्णवर्णीय सुतार आणि ती हळूहळू एकमेकांत गुंततात. घरात मावशीचा वावर जाणवत राहतो, आणि ७०व्या पानावर शेजारीण सांगते की तरुणपणी मावशीचे एका कृष्णवर्णीय माणसावर प्रेम होते आणि जमावाने त्याला ठार मारले होते. हा चित्रपट कोणत्याही स्टुडिओच्या पाठबळाशिवाय १५ दिवसांत चित्रित करायचा आहे. पटकथा वाचून शिक्षक म्हणाले की हे पर्यटनाचे पोस्टकार्ड वाटते, आणि मित्र म्हणाले की हा भयपट आहे. म्हणून त्यांनी विचारले आहे, की 'सदर्न गॉथिक' (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, भूतकाळाच्या सावटाखालच्या गूढ, विषण्ण कथांचा प्रकार) वातावरण अधिक गडद कसे करावे, आणि नायिका भारतीय केली तर चालेल का.

मी अठरा वर्षे चित्रपटांचे संकलन करते आहे, आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे जॉर्जिया आणि लुईझियाना या राज्यांत छोट्या बजेटच्या चित्रपटांवर काम केले आहे. तुमच्या प्रश्नाचा रोख वातावरणावर आहे, पण मला अडचण तिथे दिसत नाही. तुमच्या पटकथेत घर आहे, आणि त्या घरात दोन माणसे प्रेमात पडतात. परंतु ते घर कोणी बांधले, कोणाच्या कष्टांवर उभे राहिले आणि आज ते याच स्त्रीच्या नावावर का लागते आहे, या गोष्टींचा त्या प्रेमाशी काहीही संबंध येत नाही. प्रेमकथा एका रुळावर चालते, घराचा भूतकाळ दुसऱ्या रुळावर चालतो, आणि ७०व्या पानापर्यंत दोन्ही एकमेकांना स्पर्श करत नाहीत. हा सांधा जुळला नाही, तर तुम्ही कितीही धुके सोडले तरी वाचणाऱ्याला एक तर देखावा दिसेल किंवा भीती दिसेल, आणि तुम्हाला नेमके हेच दोन अभिप्राय मिळाले आहेत.

पुढचे सगळे दोन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत. पहिली म्हणजे कथेचे साल, जे पटकथेत कुठेच नाही असे तुम्ही स्वतः लिहिले आहे. दुसरी म्हणजे तुम्हाला खरे जुने घर सलग पंधरा दिवस मिळणार आहे की नाही. या दोन्हींकडे मी पुढे वळते.

आधी मॉसविषयी. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या ज्या झुपक्यांना आपण स्पॅनिश मॉस म्हणतो ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही. अननसाच्या कुळातली ती वनस्पती आहे. ती झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावर आणि धुळीवर जगते. सव्हानात राहणारा माणूस ती रोज पाहतो, म्हणजेच तिच्याकडे मुद्दाम पाहत नाही. त्यामुळे कॅमेरा ओकच्या फांद्यांकडे टक लावून बसला की प्रेक्षकाला लगेच कळते की बघणारा बाहेरून आलेला आहे. मी संकलित केलेल्या एका चित्रपटात माझ्याकडे मॉस आणि धुक्याचे जवळजवळ चाळीस मिनिटांचे चित्रीकरण आले होते, आणि अंतिम प्रतीत त्यातले दीड मिनिट राहिले. शॉट वाईट नव्हते. फक्त त्यांत कोणाचाही हात लागलेला नव्हता, म्हणून त्यांच्यापुढे आणि मागे काय जोडावे हे सुचत नव्हते.

तुमच्या शहरात हात लागलेल्या वस्तू भरपूर आहेत. सव्हानातल्या जुन्या इमारतींची ती प्रसिद्ध करड्या रंगाची वीट नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलामगिरीत जखडलेल्या माणसांनी पाडली होती. दक्षिणेतल्या अशा जुन्या विटांवर कुठेकुठे बोटांचे ठसे आजही दिसतात, कारण ओली वीट साच्यातून काढताना बोट रुतायचे आणि ती तशीच भट्टीत जायची. ओवेन्स-थॉमस हाउस या संग्रहालयात गुलामांच्या राहण्याच्या जागेत छताला आणि भिंतींना लावलेला जुना निळा रंग शिल्लक आहे. गुल्ला-गीची समाजाच्या, म्हणजे या किनारपट्टीवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या, समजुतीनुसार हा निळा रंग अतृप्त आत्म्यांना घरात येऊ देत नाही. तुम्ही तिथून काही अंतरावर राहता. एकदा जाऊन त्या छताखाली उभे राहा आणि विचार करा, की भुतांना दूर ठेवायची गरज तिथे मालकांच्या घरातल्यांना होती की गुलामांच्या खोल्यांतल्यांना. आणि विटेवरच्या ठशाचा क्लोजअप पाच सेकंद टिकतो, कारण प्रेक्षक त्यात आपले बोट बसवून पाहतो; पुढच्या शॉटमध्ये सुतार खरोखर आपले बोट त्या ठशात ठेवतो, असे मला मिळाले, तर मला संवादाची गरज उरत नाही.

'सदर्न गॉथिक' हा शब्द साहित्यातून आला आहे. कादंबरीकार एलेन ग्लासगो यांनी १९३५ मध्ये तो कौतुकाने नव्हे, तक्रारीच्या सुरात वापरला होता. तरुण लेखक दक्षिणेतल्या विकृतीतच रमतात, असे त्यांचे म्हणणे होते. शब्द टिकला, कारण त्या विकृतीमागे कारण होते. युरोपातल्या गॉथिक कथेत वाडा जुना असतो आणि पाप एखाद्या सरदाराचे असते. अमेरिकेच्या दक्षिणेत वाडा फार जुना नसतो, पण पाप साऱ्या समाजाचे असते आणि ते कागदोपत्री नोंदलेले असते. जमीन कोणाची, माणूस कोणाच्या मालकीचा, कोणाशी लग्न करता येईल आणि कोणाशी नाही, हे सारे कायद्याने लिहिलेले होते. म्हणून इथे भूत बहुधा हिशेब मागायला येते, आणि हिशेब मालमत्तेचा असतो.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण म्हणजे केसी लेमन्स यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, १९९७ मध्ये प्रदर्शित झालेला 'ईव्ह्ज बायू' हा चित्रपट. लेमन्स यांचा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. हाती पटकथा होती, पण दिग्दर्शनाचा अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी आधी 'डॉ. ह्यूगो' हा लघुपट करून दाखवला. तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने ही वाट लक्षात ठेवावी: ८५ पाने एकदम उभी करण्यापेक्षा त्यांतली दहा मिनिटे आधी नीट करून दाखवणे पैसे उभे करताना जास्त कामी येते. सुमारे ४० लाख डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, समाविष्ट झाला.

या चित्रपटाची सुरुवात पाहा. काळ १९६२, ठिकाण लुईझियाना, आणि कथा एका सुस्थितीतल्या कृष्णवर्णीय डॉक्टरच्या कुटुंबाची. बापाच्या बाहेरख्यालीपणामुळे घर आतून तडकते आहे आणि दहा वर्षांची मुलगी ते पाहते आहे. हा सगळा घरगुती मामला सुरू होण्याआधीच निवेदनातून आपल्याला कळते, की या गावाचे नाव ईव्ह नावाच्या गुलाम स्त्रीवरून पडले. तिने औषध देऊन जनरल बटिस्टचा जीव कॉलऱ्यातून वाचवला, त्याने तिला मुक्त केले आणि बायूकाठची (बायू म्हणजे दलदलीतला संथ प्रवाह) ही जमीन दिली, आणि तिने त्याला सोळा मुले दिली. जमिनीचा मालकीहक्क, उपकार, शरीर आणि वंश हे सारे निवेदनातल्या मोजक्या वाक्यांत एकमेकांत अडकलेले आहे, आणि त्यात प्रेम किती आणि सक्ती किती, हे निवेदन सांगत नाही. त्यानंतर पडद्यावर जो कोणी प्रेम करतो, त्याच्या पायाखाली ही जमीन असते. जी गोष्ट तुम्ही ७०व्या पानावर ठेवली आहे, ती इथे पहिल्या पानावर आहे.

याच चित्रपटातला एक प्रसंग मी नवशिक्या संकलकांना नेहमी दाखवते. मोझेल या आत्याचे तीन नवरे मेलेले आहेत. ती आपल्या भाचीला सांगते, की तिचा प्रियकर एकदा पिस्तूल घेऊन घरात आला, नवरा त्याच्यासमोर उभा राहिला, आणि त्या क्षणी तिला उमगले की आपले प्रेम नवऱ्यावर आहे. ही गोष्ट ती आरशासमोर उभी राहून सांगते. नेहमीच्या फ्लॅशबॅकसारखे आपल्याला दुसऱ्या काळात नेले जात नाही. भूतकाळातली माणसे त्याच आरशात येतात आणि मोझेल बोलता बोलता त्या प्रतिमेत शिरते. संकलक टेरिलिन श्रॉपशायर आणि छायालेखिका एमी व्हिन्सेंट यांनी इथे जे साधले त्याला खर्चिक तंत्र लागत नाही. एक आरसा, नेमकी हालचाल आणि न घाबरता थांबणे लागते. प्रसंग भयाचा नाही, तरी अंगावर काटा येतो, कारण मेलेला माणूस आणि जिवंत बाई एकाच चौकटीत, एकाच खोलीत असतात. तुमच्या पटकथेत मावशी मात्र पांढरा झगा घालून जिन्यावर दिसते आणि नायिका किंचाळते. मावशीला नायिकेकडून किंवा सुताराकडून काय हवे आहे, हे त्यात कुठेच येत नाही, म्हणून तुमच्या मित्रांना भयपट दिसला. भयपटातले घर माणसाला हाकलते. या प्रकारच्या प्रेमकथेत घर माणसाला सोडत नाही. मावशी पुन्हा दिसणार असेल तर ती त्या सुताराकडे पाहत असावी, आणि नायिकेला ते पाहताना कळावे की आपल्याआधीही या खोलीतून कोणीतरी असेच पाहिले होते.

आता तुमच्या कथेकडे. माझी सूचना अशी, की सुतार योगायोगाने आलेला कारागीर असू नये. जुन्या दक्षिणेत गुलामगिरीत जखडलेल्यांत कुशल सुतार, लोहार आणि गवंडी पुष्कळ होते, आणि सव्हाना-चार्ल्सटन पट्ट्यातली घरे मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातची आहेत. सुताराच्या पणजोबांनी हे घर बांधले असेल, तर तो जिन्याच्या कठड्याला हात लावतो तेव्हा त्याचा त्या घरावर एक हक्क असतो, जो कोणत्याही कागदावर नाही. नायिकेकडे कागद आहे, पण तिला जिन्याची कोणती पायरी वाजते हेही माहीत नाही. आता ती घर विकायला निघाली आहे, आणि दोघांच्या प्रेमाचा प्रत्येक टप्पा या विक्रीवर परिणाम करतो. प्रेम आणि घर यांचा सांधा जुळतो तो इथे.

यापुढचा धागा तुमच्या शहराच्याच इतिहासात आहे. यादवी युद्धाच्या अखेरीस, १६ जानेवारी १८६५ रोजी, जनरल शर्मन यांनी सव्हानातूनच विशेष आदेश क्रमांक १५ काढला आणि किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याची तरतूद केली. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन पूर्वीच्या मालकांना परत देण्याचा मार्ग मोकळा केला. ज्या थोड्या कुटुंबांकडे पुढे जमीन आली आणि राहिली, त्यांच्यात ती बऱ्याचदा मृत्युपत्राशिवाय वारसांकडे जात राहिली. मग एका तुकड्याचे वीस-पंचवीस सहहिस्सेदार, आणि त्यातल्या एकाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला की तो न्यायालयात जाऊन साऱ्या जमिनीच्या विक्रीची मागणी करू शकतो. ज्याने गावाकडच्या सातबाऱ्यावरची सामाईक नावे पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सुताराच्या घरची जमीन अशा वादात असेल आणि नायिका एक वाडा विकून निघून जाणार असेल, तर दोघे जेवायला एकत्र बसले तरी त्या टेबलावर ताण असतो, आणि त्यासाठी वादळ किंवा विजा लागत नाहीत.

जमावाने केलेल्या हत्येविषयी मी स्पष्ट लिहिते, कारण मला ते महत्त्वाचे वाटते. १८७७ ते १९५० या काळात अमेरिकेत अशा रीतीने मारल्या गेलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी इथल्या इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने केली आहे, आणि २०१८ मध्ये उघडलेल्या तिथल्या स्मारकात प्रत्येक काउंटीसाठी (जिल्ह्यासाठी) एक, असे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ टांगलेले आहेत. त्यांवर नावे कोरलेली आहेत. ही गोष्ट पटकथेत रहस्य म्हणून राखून ठेवणे आणि शेवटी धक्का देण्यासाठी बाहेर काढणे मला मान्य नाही. आणि ते कलेच्या दृष्टीनेही कच्चे आहे. दक्षिणेतल्या गावात असे काही घडले असेल तर ते सर्वांना माहीत असते. फक्त बोलले जात नाही. सुताराला ते पहिल्या दिवसापासून माहीत असावे. कदाचित मारला गेलेला माणूस त्याच्या आजीचा भाऊ असावा. प्रेक्षकालाही ते दहाव्या-बाराव्या पानापर्यंत कळावे. मग पुढची साठ पाने तो तिला कधी सांगतो आणि सांगितल्यावर ती काय करते, यावर चालतील, आणि 'काय झाले होते' या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी अधिक वेळ धरून ठेवतो.

इथवरचा माझा मुद्दा इतकाच, की घराचा हिशेब आधी मांडा, तो दोघांच्या मध्ये ठेवा, आणि मावशीला त्या हिशेबाची साक्षीदार करा. आता प्रेमाकडे वळते, कारण नाट्य कितीही भक्कम असले तरी प्रेम पटले नाही तर हा चित्रपट उभा राहणार नाही.

तुमच्या पटकथेतले प्रेमाचे प्रसंग संवादांत आहेत आणि चंद्रप्रकाशात आहेत. मला ते कामात हवेत. एक उदाहरण देते. ऑगस्टमध्ये सव्हानाच्या दमट हवेत लाकडी दारे फुगतात. नायिका म्हणते, झोपायच्या खोलीचे दार लागत नाही, रंधा मारून द्या. सुतार दारावरून हात फिरवतो आणि म्हणतो, आता रंधा मारला तर जानेवारीत फट पडेल, थंडीत लाकूड आवळते, तोवर दार असेच राहू द्या. तिला घर सप्टेंबरअखेर विकायचे आहे. जानेवारीत ती इथे नसणार हे दोघांनाही ठाऊक आहे. ती काहीच बोलत नाही, आणि दार तसेच राहते. आता उरलेला सगळा चित्रपट ते दार उघडे आहे. रात्री त्यातून ओसरीवरचा दिवा दिसतो, खाली कोणी चालले तर ऐकू येते, आणि एका रात्री तो दारापर्यंत येऊन थांबू शकतो. संकलक म्हणून मला असे दार दिले, तर मी त्याच्यावर पाच वेळा परत येऊ शकते आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बदललेला असतो. पहिला स्पर्श शक्य तितका उशिरा आणा, आणि तोही हत्यार हातातून हातात देताना.

प्रेमिकांना पडद्यावर सतत एकत्र ठेवण्याचीही गरज नसते. डेव्हिड लोअरी यांच्या २०१३ च्या 'एंट देम बॉडीज सेंट्स' या स्वतंत्र चित्रपटात टेक्सासमधले एक जोडपे सुरुवातीलाच पकडले जाते. गोळी पत्नीने झाडलेली असते, गुन्हा पती अंगावर घेतो, आणि त्यानंतर जवळजवळ सारा चित्रपट दोघे एकमेकांपासून दूर असतात. ज्याला ती गोळी लागली तोच पोलीस पुढे तिच्या दाराशी येऊ लागतो. इथे जमिनीचा हिशेब नाही, पण एका गोळीचा आहे, आणि प्रेम त्या देण्यावर उभे आहे. ब्रॅडफर्ड यंग यांना त्या वर्षी सनडान्स महोत्सवात छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. चेहरे अर्धवट काळोखात सोडण्याचे धैर्य त्यांच्याकडून शिकावे. मात्र तो काळोख कथेतून आला आहे, दिवे कमी होते म्हणून नव्हे.

आता सालाचा प्रश्न. कथा १९६७ च्या आधी घडत असेल, तर जॉर्जियात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तीचा विवाह कायद्याने होऊच शकत नव्हता. त्या वर्षी १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात असे सारे कायदे रद्द ठरवले. अलाबामाच्या राज्यघटनेतून ती बंदी काढायला तर २००० साल उजाडले. १९५८ मध्ये कथा ठेवली तर अडसर कायद्याचा असेल आणि तुमचा चित्रपट धोक्याचा होईल. आजच्या काळात ठेवली तर कोणी त्यांना अडवणार नाही, आणि तुम्हाला अडसर कुठून तरी निर्माण करावा लागेल. माझा कल १९७९ च्या आसपासकडे आहे. कायदा बारा वर्षांपूर्वी बदललेला, हत्या पाहिलेली माणसे अजून जिवंत, आणि फोन भिंतीवर टांगलेला. दोघांना लग्न करता येते, तरीही चर्चच्या दारात उभे राहता येत नाही, ही अवस्था तुमच्या कथेला सर्वांत जास्त शोभते. जुनी मोटार आणि कपडे यांचा खर्च वाढेल, पण बहुतेक कथा एका घरात असल्याने तो आवाक्यात राहील.

नायिका भारतीय करण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे, एक अपवाद सोडून. मीरा नायर यांचा १९९१ चा 'मिसिसिपी मसाला' आठवा. मिसिसिपीतल्या ग्रीनवूडमध्ये मोटेलवर राहणाऱ्या भारतीय कुटुंबातली मुलगी आणि गालिचे धुण्याचा व्यवसाय करणारा कृष्णवर्णीय तरुण यांचे ते प्रेम आहे. ठिकाण खोल दक्षिणेतले, विषय वर्णाचा, तरीही तो चित्रपट गॉथिक नाही, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे: त्या कुटुंबाचे हरवलेले घर मिसिसिपीत नसून कंपालात आहे. इदी अमीनने १९७२ मध्ये हाकललेल्या बापाची जखम युगांडातली आहे. पायाखालच्या जमिनीशी त्यांचा हिशेब नाही, म्हणून चित्रपटातला उजेड मोकळा राहतो. तुमच्या भारतीय नायिकेला मावशीचे घर वारशाने मिळाले, असे दाखवले तर घराचा सारा भूतकाळ तिच्यासाठी ऐकीव होईल. अपवाद असा, की तिने किंवा तिच्या वडिलांनी ते घर विकत घेतलेले असावे. मग कागद तिच्याकडे येतो आणि कागदाबरोबर देणेही येते, आणि 'आम्ही तर काहीच केले नाही' हे तिचे वाक्य खरे असूनही अपुरे पडते. ही वेगळी आणि अवघड पटकथा आहे. लिहायची असेल तर ती नव्याने लिहा, नाव बदलून जुनीच वापरू नका. आणि दोन्हींपैकी काहीही निवडले तरी सुताराचे संवाद तिथल्याच समाजातल्या सहलेखकाबरोबर लिहा. आपण बाहेरचे आहोत हे कथा सांगायला अडथळा नाही, परंतु बोलीभाषा अंदाजाने लिहिली तर ती पहिल्या वाक्यात उघडी पडते.

शेवटी पंधरा दिवसांविषयी. ८५ पाने म्हणजे दिवसाला साडेपाच पानांहून जास्त. एकाच घरात चित्रीकरण असेल तरच हे जमेल, आणि तरीही मी तुम्हाला ७५ पानांपर्यंत यायला सांगेन. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आहे, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचा; म्हणून बाहेरचे प्रसंग सकाळी ठेवा. थंडगार खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की भिंगावर बाष्प धरते, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.

सर्वांत जास्त काळजी आवाजाची घ्या. एका चित्रपटात ओसरीवरचा दोघांचा महत्त्वाचा संवाद माझ्याकडे आला. नायकाचा क्लोजअप दुपारी चार वाजता घेतला होता, तेव्हा सिकाडा या झाडांवरच्या कीटकांचा आवाज करवतीसारखा टिपेला होता. नायिकेचा क्लोजअप सातनंतर घेतला होता, आणि तोवर सिकाडा थांबून रातकिडे सुरू झाले होते. दर कटला जग बदलत होते. शेवटी दोघांचे संवाद बंद खोलीत डब करावे लागले, आणि तिच्या आवाजातला जो श्वास त्या संध्याकाळी होता, तो परत मिळाला नाही. ओसरीवरचा कोणताही संवाद दोन्ही बाजूंनी एकाच तासात संपवा. कॅमेऱ्याच्या प्रत्येक मांडणीनंतर सर्वांना गप्प बसवून दोन मिनिटे नुसता त्या जागेचा आवाज ध्वनिमुद्रित करा. चित्रीकरणाच्या एक आठवडा आधी एकट्याने जाऊन पहाट, दुपार, पावसाआधीची शांतता आणि रात्र असे वेगवेगळे ट्रॅक घेऊन ठेवा. मॉसच्या शॉटवर जो वेळ घालवणार होता तो इथे घाला. घर जिवंत आहे असे प्रेक्षकाला वाटते ते बहुतांशी कानांमुळे.

पुढचा खर्डा लिहिण्याआधी एक काम करा. सव्हाना ज्या चॅटम काउंटीत येते, तिथल्या न्यायालयातल्या जुन्या खरेदीखतांच्या आणि वारसाहक्काच्या नोंदी बघायला एक दिवस काढा. यादवी युद्धापूर्वीच्या मालमत्तेच्या याद्यांमध्ये पलंग, घड्याळ, घोडे यांच्याबरोबर माणसांची नावेही लिहिलेली सापडतात. बहुतेक वेळा फक्त पहिले नाव असते, पुढे किंमत असते, आणि कसब असेल तर तेही नोंदलेले असते, कारण सुताराची किंमत शेतमजुरापेक्षा जास्त धरली जाई. अशी एक यादी तुमच्या घराच्या माळ्यावर मावशीच्या कागदांत असू द्या. ती नायिकेच्या हाती लागते की सुताराच्या, आणि त्यातली ती ओळ दोघांपैकी कोण मोठ्याने वाचतो, एवढे आधी ठरवा, आणि मग पहिली दहा पाने पुन्हा लिहायला घ्या.